शहराची प्रतिकारशक्ती

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा लसीकरण किंवा बालकांचा आहार यांपैकीच काहीतरी माझ्याकडून येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या दोन्ही विषयांवर मी इतके बोलले आणि लिहिले आहे, की आपल्या वार्षिक संमेलनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या ज्येष्ठांना माझे वाक्य पुरे होण्याआधीच पुढचे वाक्य ठाऊक असते. यंदा त्यांची सुटका करीत आहे. हा लेख पूर, नाले, तलाव आणि उन्हाळा यांविषयी आहे. ‘हा तर अभियंत्यांचा प्रांत’ असे म्हणून पान उलटू पाहणाऱ्या सहकाऱ्यांना एकच विनंती. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील केस पेपरवर नावाखाली पत्त्याचा रकाना असतो, तो एकदा पावसाळ्याच्या अखेरीस नीट वाचून पाहावा. जुलाब, कावीळ, विषमज्वर आणि थोड्या दिवसांनी डेंग्यू घेऊन येणारी बालके शहराच्या सर्व भागांतून सारख्या प्रमाणात येत नाहीत. ठरावीक गल्ल्यांतून येतात. त्या गल्ल्या नकाशावर जोडत गेले, की बहुतेक वेळा एखादा नाला काढला जातो. गेली पंचवीस वर्षे हा नकाशा माझ्या टेबलावर आपोआप तयार होत आला आहे, आणि तो तयार करण्यासाठी मला अभियांत्रिकीची पदवी लागलेली नाही.

आपल्या शहराने आपत्तीचा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन घेतला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे सामान्यतः मानले जाते. नदीवरचे पूल वाहून गेले; जुना तेवढा कुतुबशाही पूल टिकला. अफझलगंजचे रुग्णालय पाण्याने उद्ध्वस्त केले. त्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे लोकांनी आश्रय घेऊन प्राण वाचवले, आणि ते झाड पुढे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या उस्मानिया रुग्णालयाच्या परिसरात उभे राहिले. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात त्यांच्या देखत गेल्या. आपल्या मराठी समाजाची विवेकवर्धिनी शाळा तेव्हा जेमतेम एक वर्षाची होती. गौलीगुडा, सुलतान बाजार या आपल्या जुन्या वस्त्या नदीपासून किती जवळ आहेत, हे तिथे बालपण काढलेल्यांना सांगावयास नको.

या पुरानंतर निजाम सरकारने ज्या माणसाला पाचारण केले, त्याची घडण महाराष्ट्रात झाली होती, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे पदवीधर. मुंबई इलाख्याच्या सेवेत नाशिक, खानदेश, पुणे अशा ठिकाणी त्यांनी काम केले आणि खडकवासल्याला बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांनी त्यांचे नाव झाले. नोकरीतून निवृत्ती घेऊन ते परदेश प्रवासात असताना हैदराबादचे बोलावणे आले, आणि १९०९ मध्ये ते येथे दाखल झाले.

मला त्यांच्या कामातील एक गोष्ट वैद्य या नात्याने फार मोलाची वाटते. त्यांनी उपचारापूर्वी निदान केले. ‘आभाळ फाटले, देवाची करणी’ हे उत्तर त्या काळी सर्वांना मान्य होते. विश्वेश्वरय्यांनी मात्र नदीचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र तपासले. त्यात लहानमोठे ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला, त्याचे पाणी खालच्या तलावात आले, तोही फुटला, आणि अशा साखळीने नदीत एकाच वेळी पाण्याचा डोंगर उतरला. पाऊस अतिवृष्टीचाच होता, यात शंका नाही. परंतु रोग्याचा मृत्यू केवळ जंतूने होत नाही, त्या शरीराच्या अवस्थेनेही होतो, हे आपण जाणतो. मुसीच्या बाबतीत शरीराची अवस्था म्हणजे ते तलाव.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झाले. शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे पुरापासून दुसरे धरण पुरे होईपर्यंत एकोणीस वर्षे लागली. मधल्या काळात एक निजाम जाऊन दुसरे आले, एक महायुद्ध होऊन गेले, एन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली, तरी काम सोडून दिले गेले नाही. आज पाच वर्षांपलीकडची योजना ऐकली, की आपल्याला जांभई येते.

या दोन जलाशयांविषयी एक अडचण मात्र क्वचितच बोलली जाते. ते मूळ पूर अडवण्यासाठी कल्पिले गेले. पुढे शहराची तहानही त्यांच्यावर आली. पूर अडवायचा असेल तर धरणात रिकामी जागा हवी, आणि पिण्याचे पाणी साठवायचे असेल तर ते काठोकाठ भरलेले हवे. सप्टेंबरअखेर, म्हणजे १९०८ चा पूर आला त्या दिवसांत, दोन्ही जलाशय भरलेले असण्याचाच संभव अधिक. अशा वेळी वर जोराचा पाऊस झाला की दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि उघडलेले पाणी काही तासांत शहरात पोहोचते. २०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नेमके हेच घडले. दोन्ही जलाशयांतून सोडलेले पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले आणि ऐन दसऱ्याच्या गर्दीत प्रवाशांना तेथून बाहेर काढावे लागले. ११७ वर्षांपूर्वीच्या महापुराच्या वर्षदिनाला एकदोन दिवसच बाकी होते. हे बसस्थानक नदीच्या पात्रातच वसले आहे, आणि त्या जागेचे जुने नाव इमलीबन, म्हणजे चिंचेचे बन. नदीला ते अजून आठवत असावे. बसस्थानक बांधणाऱ्यांना आठवले नाही.

आता शहर कृष्णा आणि गोदावरीचे पाणी दूरवरून आणून पिते. मग या दोन जलाशयांनी पावसाळ्याच्या उत्तरार्धात थोडी जागा रिकामी ठेवावी का, याचा निर्णय तज्ज्ञांनी उघड चर्चेने घ्यावा, असे माझे मत आहे. त्यांच्या भोवतालच्या दहा किलोमीटर टापूतील बांधकामांवर १९९६ च्या शासकीय आदेशाने, म्हणजेच प्रसिद्ध ‘एकशे अकरा’ क्रमांकाच्या आदेशाने, निर्बंध घातले होते. ८४ गावे त्यात येत होती. २०२२ मध्ये ते निर्बंध उठवण्याचा आदेश निघाला. ‘आता हे पाणी आपण पीत नाही, मग बंधन कशाला?’ हा त्यामागचा युक्तिवाद. युक्तिवाद ऐकायला सरळ आहे, पण त्यात विश्वेश्वरय्यांचे निदानच पुसले गेले. जलाशय पिण्यासाठी नसला तरी शहर वाचवण्यासाठी आहे, आणि पाणलोटात काँक्रीट ओतले की तेच पाणी अधिक वेगाने धरणात येते.

सिकंदराबादकर म्हणतील, मुसी आमच्यापासून दूर आहे. खरे आहे, आणि म्हणूनच आपली स्थिती अधिक नाजूक आहे. आपल्या बाजूचे पाणी त्या दोन धरणांना भेटतच नाही. ते कुकटपल्ली नाला, पिकेट नाला यांतून हुसेनसागरात उतरते आणि तेथून सांडव्यावाटे अशोकनगर, अंबरपेटच्या दिशेने मुसीला मिळते. हुसेनसागर सोळाव्या शतकातला. त्याची पूर्ण संचय पातळी ५१३.४१ मीटर. ही पातळी ओलांडल्याची बातमी आता जवळजवळ दर पावसाळ्यात येते आणि टँक बंडवर ती पाहायला गर्दी जमते. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेट वेधशाळेत २४ तासांत सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या साधारण तासाला दोन सेंटिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्या पुरानंतर पुण्याच्या किर्लोस्कर कन्सल्टंट्स यांच्याकडून अभ्यास करवला गेला आणि २००३ मध्ये अहवाल आला. नाले रुंद करा, अतिक्रमणे हटवा, असे त्याचे सार होते. अहवालाचा पुढे पुष्कळ उल्लेख झाला. अंमलबजावणीचा उल्लेख त्या मानाने कमी झाला.

मग ऑक्टोबर २०२० उजाडला. करोनाची साथ चालू असताना १३ तारखेच्या रात्री बेगमपेटला १९ सेंटिमीटरहून अधिक, आणि घटकेसरच्या बाजूला ३२ सेंटिमीटर पाऊस झाला. त्या आठवड्यात दक्षिणेकडील पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु या तलावांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. १९०८ मध्ये जे २२१ तलावांनी केले, ते या वेळी दोनच तलावांनी केले. पण आता त्यांच्या पायथ्याशी शेती नव्हती, घरे होती. तेलुगूत चेरुवु म्हणजे तलाव आणि कुंटा म्हणजे तळे. आपल्या शहरात या शब्दांनी संपणारी किती ठिकाणे आहेत आणि त्यांपैकी किती ठिकाणी आज पाणी दिसते, हा सुटीत नातवंडांना देण्याजोगा अभ्यास आहे. मासाब टँकला टँक कोठे आहे, असे मला एका पुण्याच्या पाहुण्याने विचारले होते. मी त्याला उड्डाणपूल दाखवला.

या सर्वाचे खापर हवामानबदलावर फोडण्याची आता रीत पडली आहे. हवामान बदलत आहे, यात मला तिळमात्र संशय नाही. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. तोच पाऊस कमी वेळात, अधिक जोराने कोसळू लागला आहे. पण सप्टेंबर २०२० मध्ये नेरेडमेटच्या बाजूला एक शाळकरी मुलगी उघड्या नाल्यात वाहून गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये सिकंदराबादच्या कळासीगुड्यात दुसरी मुलगी पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडली, तेव्हा त्या झाकणांना हवामानबदलाने हात लावला नव्हता. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी शिकले ती मृत्यूची कारणे पाठ्यपुस्तकात क्रमाने दिली होती. ‘झाकण नसणे’ हे त्यांत नव्हते. ते घालावयास हवे. साडेतीन फूट उंचीच्या मुलाला गुडघाभर पाणी म्हणजे काय, हे पाच फूट आठ इंच उंचीच्या अधिकाऱ्याला रस्त्यावर उभे राहून कळत नाही. मुलाच्या कमरेला लागणारा प्रवाह त्याच्या पोटरीला लागतो.

उन्हाळ्याचीही गोष्ट अशीच आहे. पूर डोळ्यांना दिसतो. उष्णता दिसत नाही, म्हणून तिची स्मरणिका निघत नाही. २०१५ च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेने देशात दोन हजारांहून अधिक बळी घेतले आणि त्यांतील बहुतेक आंध्र आणि तेलंगणातील होते. तान्ह्या बाळाला तहान सांगता येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, घामाची यंत्रणा अपुरी, आणि आजी त्याला मे महिन्यातही टोपरे घालून दुलईत गुंडाळते. वॉर्सिगुडा, पार्सीगुट्टा भागांतील पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पत्र्यांच्या खोल्यांतून एप्रिल-मेमध्ये येणारी ‘ताप’ असलेली कित्येक नवजात बालके मी केवळ कपडे सैल करून, वारंवार अंगावर पाजावयास सांगून आणि दोन तास थंड खोलीत ठेवून घरी पाठवली आहेत. अर्थात जंतुसंसर्ग नाही याची खात्री केल्यानंतर. तरुण सहकाऱ्यांनी हा खुलासा वगळून वाचू नये.

अहमदाबादेत २०१० च्या लाटेत एका महापालिका रुग्णालयाचा प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर होता आणि उष्णतेने आजारी पडून नवजात विभागात येणारी बालके वाढली. तो विभाग तळमजल्यावर हलवला. पुढील अभ्यासात अशा दाखल बालकांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटलेले आढळले. ना नवे औषध, ना नवे यंत्र, मजला बदलला. त्याच शहराने २०१३ मध्ये देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला. आपल्या नर्सिंग होमपैकी किती ठिकाणी नवजात विभाग गच्चीखाली आहे, हे मला ठाऊक आहे. यादी मी येथे देत नाही.

आणि यातच एक पेच आहे, तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तळमजला थंड असतो, पण पाणी प्रथम तेथेच येते. आपल्या शहरात तळघराला सर्वजण ‘सेलर’ म्हणतात, आणि सेलरमध्ये वाहने ठेवावीत असा बांधकाम परवाना असतो. प्रत्यक्षात तेथे जनरेटर असतो, विजेचे मुख्य फलक असतात, प्राणवायूच्या टाक्यांची जोडणी असते, औषधांचा साठा आणि जुन्या नोंदी असतात. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळाशी ठेवलेली यंत्रे कशी निकामी होतात, हे तेथील सहकाऱ्यांकडून आपण ऐकले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात वीज गेली, जनरेटर पाण्याखाली गेला आणि अतिदक्षता विभागात रुग्ण दगावले. जुलै २०२० मध्ये आपल्या उस्मानियाच्या वॉर्डांत पाणी शिरल्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. खाटांवर रुग्ण आणि खाली काळे पाणी. ज्या भूमीवर १९०८ मध्ये रुग्णालय वाहून गेले, तीच ही भूमी. म्हणून नवजात विभाग पहिल्या मजल्यावर, जनरेटर आणि फलक रस्त्याच्या पातळीच्या वर, आणि गच्चीला चुन्याचा पांढरा लेप, इतके तरी आपल्या हातात आहे. चुन्याचा खर्च एका परिषदेच्या मेजवानीपेक्षा कमी येतो.

‘हे सरकारचे काम’ असा आक्षेप येईल. बरेचसे आहेच. २०२४ मध्ये तलावांच्या रक्षणासाठी हैड्रा ही यंत्रणा स्थापन झाली, काही मोठी बांधकामे पडली, आणि अंबरपेटचा बतुकम्मा कुंटा कचऱ्याखालून पुन्हा पाण्यावर आला, याचा मला आनंद आहे. बतुकम्माची फुले सोडायला पाणीच उरले नव्हते, तेथे पाणी दिसले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पाडापाडीच्या बातम्या वाचताना माझे लक्ष वेगळ्याच ठिकाणी जाते. तलावाच्या पोटात भूखंड पाडणारा, त्यावर सही करणारा आणि तो घेणारा यांत सर्वांत कमी जाणणारा शेवटचा असतो, आणि घर मात्र त्याचेच पडते. अशी कुटुंबे रातोरात दुसरीकडे जातात. त्यांच्या बालकांची लसीकरणाची कार्डे हरवतात, गोवराची दुसरी मात्रा चुकते, शाळा सुटते. तलाव मोकळा करावाच. पण नोटीस, पर्यायी घर आणि शाळेचे वर्ष यांचा हिशेब आधी मांडावा. शिवाय, आपल्या डॉक्टर मंडळींचे बंगले कोठे आहेत, हेही एकदा जुन्या नकाशावर पाहण्यास हरकत नाही. महसूल खात्याचे जुने नकाशे रंजक वाचन आहे.

डॉक्टरांच्या संस्थेने काय करावे, याविषयी माझी अपेक्षा मर्यादित आहे. पुरानंतर आपण शिबिरे घेतो, बिस्किटे आणि चादरी वाटतो, छायाचित्रे येतात. वाटणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. परंतु पुरानंतरच्या चौथ्या दिवसापासून आपली खरी गरज लागते, आणि तोवर आपण घरी परतलेले असतो. प्रथम जुलाब, त्यासाठी जलसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या. आठवड्याभरानंतर लेप्टोस्पायरोसिस, मुंबईत २००५ च्या पुरानंतर त्याने किती जणांना गाठले, हे आपल्या पिढीला माहीत आहे. ताप आणि पोटऱ्या दुखणे असलेल्या मुलाच्या आईला ‘हा साचलेल्या पाण्यातून चालला होता का?’ एवढा एक प्रश्न विचारला, तर निदान दोन दिवस आधी होते. पुढे डेंग्यू, आणि महिन्याभराने कावीळ. हे वेळापत्रक ठरलेले आहे. रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, असे म्हटले तर सिकंदराबाद स्थानकाजवळ राहणाऱ्यांनी रागावू नये.

त्याहूनही महत्त्वाची आहेत ती बालके, ज्यांना पूर नसतानाही एक दिवस चुकवून चालत नाही. थॅलेसिमियाची मुले, ज्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. इन्सुलिनवरची मुले, ज्यांचे औषध वीज गेलेल्या घरात खराब होते. मातीच्या घड्यात ते कसे ठेवावे, हे किती पालकांना आपण दाखवले आहे? अपस्माराची मुले, ज्यांच्या गोळ्या पुरात वाहून गेल्या की तिसऱ्या दिवशी झटके सुरू होतात. घरी प्राणवायूवर असलेली दोनचार अर्भके. ही मुले कोठे राहतात, त्यांच्या घरापर्यंत पाणी येते का, रस्ता बंद झाला तर जवळचा कोणता दवाखाना उघडा असेल, आणि त्यांच्या औषधाची आठवड्याची पुरवणी कोणाच्या शीतपेटीत असेल, एवढीच एक यादी हवी. ती कोणत्याही सरकारी विभागाकडे नाही. ती आपल्या सर्वांच्या केस पेपरांत विखुरलेली आहे.

पालकांची संमती घेऊन, नावे गुप्त राखून, ही यादी मोहल्लावार करावी आणि दर मे महिन्यात तपासावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. सीताफळमंडी, वॉर्सिगुडा आणि पार्सीगुट्टा या भागांची यादी माझ्याकडे तयार आहे. त्यात एकूण एकतीस मुले आहेत. रसूलपुरा आणि बेगमपेट नाल्याकाठच्या वस्त्यांसाठी दोन सहकारी पुढे आले आहेत. मेट्टुगुडा, बोयनपल्ली आणि कॅन्टोन्मेंटची जुनी बाजू अद्याप रिकामी आहे. ज्यांचे दवाखाने तेथे आहेत त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या सभेस येताना आपापल्या रुग्णांचे पत्ते बरोबर आणावेत. सभा चहापानासह दीड तासात आटोपेल.